शेवंती घेऊन विहिणीच्या गावाला

परदेशी जाऊन आलं की लोक फोटो मागतात. माझ्याकडे फोटो थोडेच आहेत आणि त्यातले निम्मे स्मशानाचे. ते पाहून आमच्या कॉलनीतल्या बायकांची तोंडं बघण्यासारखी झाली. एकीने तर हातातला चहाचा कप तसाच खाली ठेवला. तेव्हाच ठरवलं, की तोंडी सांगण्यापेक्षा हे लिहून काढावं. वाचताना निदान कुणी मध्येच उठून जात नाही.

मंदार, माझा मुलगा, हंगेरीत नोकरीला आहे. देशाच्या पश्चिम टोकाला ग्यॉर नावाचं शहर आहे, तिथे मोटारीची इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात. सून रेका त्याच देशातली, पण पार पूर्वेकडची. लग्नाच्या वेळी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे जाता आलं नव्हतं. आता रेकाला दिवस गेले होते. मंदारने आधी तिकीट काढलं आणि मग फोन केला. भोपाळमध्ये वाढलेला मुलगा, त्याच्या मराठीत निम्मं हिंदी असतंच. "आई, तू बस आ जा यार. एक काम आहे, ते तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही."

काम असं होतं. रेकाची आई मार्गित पूर्वेकडच्या एका गावात एकटी राहते. फेब्रुवारीत बाळ येणार, त्याआधी तिने ग्यॉरला येऊन राहावं अशी रेकाची इच्छा. नवरा-बायको दोघंही शिफ्टमध्ये, घरात तिसरं माणूस नाही. पण मार्गित नाही म्हणून बसलेली. मंदारचं म्हणणं, तुम्ही दोघी एका वयाच्या, दोघी एकट्या, तू समजावलंस तर ती ऐकेल.

मला हसू आलं. कारण हाच मुलगा मलाही तिकडे कायमची ये म्हणून मागे लागला होता आणि मी दर वेळी काहीतरी कारण काढत होते. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्यातलाच हा प्रकार. पण मुलाने तिकीट काढलेलं, आणि विहिणीचं तोंड अजून पाहिलेलं नाही, म्हणून निघाले.

माझी ओळख सांगायची राहिली. मी शोभा. वडील नागपूरचे कारकून. राज्यांची फेररचना झाली, नागपूरचं राजधानीपण गेलं आणि सरकारी कचेऱ्यांबरोबर माणसंही उचलून भोपाळला आणली गेली. माझा जन्म भोपाळचाच. सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मी ट्रेसर, म्हणजे यंत्रांचे नकाशे गिरवणारी होते आणि आमचे हे तिथेच ट्रान्सफॉर्मरच्या शॉपमध्ये. सगळा संसार पिपलानीला, कारखान्याच्या टाउनशिपमधल्या क्वार्टरमध्ये झाला. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागतं. ते सोडून अवधपुरीत लहानसं घर घेतलं आणि त्या घराचा रंग वाळायच्या आत हे गेले. तेव्हापासून मी एकटी आहे. एकटेपणाची सवय होते असं लोक म्हणतात. मला तरी झाली नाही.

ग्यॉर

ग्यॉर पाहून मला आमची टाउनशिप आठवली, तिच्या भरभराटीच्या दिवसांतली. शिफ्ट सुटली की बसच्या बस भरून कामगार. जिकडे तिकडे नव्या इमारतींवर क्रेन उभ्या. रस्ते धुतलेले, बागेत बाकं रंगवलेली, बेकरीबाहेर सकाळपासून रांग. व्हिएन्ना इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे काही जण राहायला इकडे आणि कामाला तिकडे. कारखान्यांना माणसं पुरत नाहीत म्हणून आपल्याकडची मुलंही येऊन पोहोचली आहेत. पाठीवर खाण्याचा डबा बांधून सायकल हाकणारा एक मुलगा केरळचा निघाला. मी मराठीत "सांभाळून रे" म्हटलं तर त्याने मागे वळून हात केला.

हे सगळं बघून मी रेकाला म्हटलं, तुझी आई इथलं वैभव बघून राहायला येत कशी नाही? आमचं बोलणं इंग्रजीत चाले. तिचं शाळेतलं, माझं ड्रॉइंग ऑफिसातलं. ती म्हणाली, पूर्वेकडचं अख्खं घर विकलं तर ग्यॉरमध्ये फार तर गाडी उभी करायची जागा मिळते. एकदा तिकडून उठलेल्या माणसाला परत जायलाही काही उरत नाही. देश एकच, भाषा एकच, पण तराजूचं एक पारडं जमिनीला टेकलेलं.

दिवसा दोघं कामावर गेली की त्या चकचकीत फ्लॅटमध्ये मी एकटी. दाराची घंटा कधी वाजत नाही. भोपाळमध्ये निदान भाजीवाला हाक मारतो, वीजबिलवाला येतो, समोरच्या वर्माजींची सून "आंटीजी, दही है क्या" म्हणून डोकावते. इथे खिडकीतून समोरच्या बाल्कनीत एक बाई रोज सिगारेट ओढताना दिसे. एकदा मी हात हलवला. ती दचकून आत गेली.

पण माझ्यापेक्षाही एकटी मला रेका वाटली. संध्याकाळी ती घरी येई आणि कोट न काढताच खुर्चीत बसून आईला फोन लावी. त्या बोलण्यातला 'अन्यु' एवढाच शब्द मला कळे. अन्यु म्हणजे आई. डोहाळे कसले लागलेत म्हणून विचारलं तर डोहाळे ही कल्पनाच आधी समजावून सांगावी लागली. मग म्हणाली, अन्युच्या हातच्या खसखशीच्या शेवया. मी दुकानातून खसखस आणून करायला गेले, पण तिच्या तोंडावरूनच कळलं की जमलं नाही. तिने मात्र ताटली चाटून-पुसून रिकामी केली. गुणी मुलगी आहे.

पूर्वेकडे

मंदारला रजा मिळाली नाही, म्हणून रेका आणि मी दोघीच निघालो. बुडापेस्टला गाडी बदलली, मिश्कोल्तला पुन्हा बदलली आणि दर बदलागणिक गाडी जुनी होत गेली. पहिल्या गाडीत लोकांसमोर लॅपटॉप, शेवटच्या गाडीत मांडीवर बटाट्याच्या पिशव्या. रेकाचीही एक गंमत दिसली. पश्चिमेत ती हळू, तोलून बोलायची. या शेवटच्या गाडीत समोरच्या म्हातारीशी बोलताना तिचा आवाज चढला, हात हलायला लागले, ती हसली.

त्या गावाचं नाव मला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही, म्हणून इथे 'गाव'च म्हणते. स्टेशनवर उतरल्याबरोबर धुरांडी दिसली. उंच, विटांची, आणि धूर नसलेली. इथे लोखंडाचा मोठा सरकारी कारखाना होता. त्याच्याच वसाहती, त्याचीच शाळा, त्याचाच दवाखाना, त्याचाच क्लब. कारखाना बंद पडून आता एक पिढी उलटली. रस्त्यावर नारिंगी बंड्या घातलेली माणसं पानं झाडत होती, दोघं झाडायला आणि चौघं बघायला. आपल्याकडच्या रोजगार हमीसारखं काम आहे, असं रेका म्हणाली. तिच्या वर्गातला एक जण त्यांच्यात होता. तो दिसताच ती जरा बावरली आणि तिने लांबूनच मान हलवली.

रेका स्टेशनातल्या स्वच्छतागृहात गेली तेवढ्यात मी बाहेर उभी होते. तिथे एक बाई कुंड्या मांडून बसली होती. शेवंती! पांढरी, पिवळी, टपोऱ्या फुलांनी लदलेली. घरी दिवाळी दोन दिवसांवर आलेली आणि यंदा लक्ष्मीपूजनाला आपण परक्या देशात, या विचाराने सकाळपासून मन खट्टू होतं. शेवंती बघून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! विहिणीकडे पहिल्यांदा जायचं तर रिकाम्या हाताने कसं जायचं? पांढऱ्या शेवंतीची सगळ्यात मोठी कुंडी घेतली.

रेका बाहेर आली, कुंडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग माझ्या हातातून कुंडी घेऊन तिने छातीशी धरली. मला वाटलं, जड आहे म्हणून घेतली.

मार्गितचं घर चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. दार उघडून ती उभी राहिली. उंच, पाठीत किंचित वाकलेली, ॲप्रनला हात पुसत. तिने कुंडी पाहिली आणि तिचे डोळे भरून आले. माझे दोन्ही हात हातात घेऊन ती बराच वेळ काहीतरी बोलत राहिली. मनात म्हटलं, विहीण मोठी रसिक दिसते.

आपल्याकडे मुलाची आई म्हणजे काय थाट असतो! पाय धुवा, साडी द्या, तरी रुसवा आहेच. इथे विहिणीचा मान म्हणून मला मिळाल्या सपाता. घरात शिरणाऱ्या प्रत्येकाला तिथे सपाता देतात. जेवायला त्याच खसखशीच्या शेवया होत्या. तिकडची खसखस काळी, वाटून साखरेबरोबर शेवयांवर भुरभुरलेली. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं चहाची पावडर सांडली. रेकाने दोनदा वाढून घेतलं. मी रुसायचं विसरले.

मार्गितचं माहेर

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या जुन्या गाडीतून आम्ही मार्गितच्या माहेरी गेलो. ते गाव सीमेपलीकडे, स्लोव्हाकियात. सीमा कधी गेली ते कळलंही नाही. रस्त्याकडेला फक्त एक निळी पाटी. पण पलीकडेही माणसं हंगेरीयनच बोलतात. पूर्वी तो भाग हंगेरीचाच होता, रेष नंतर ओढली गेली. तिथे पाट्या दोन भाषांत आणि घरं बहुतेक बंद. त्या देशाचाही पैसा पश्चिमेला त्यांच्या राजधानीभोवती, आणि हा पट्टा मागे पडलेला. गावातली तरणी मुलं कुठे प्रागला, कुठे इंग्लंडला. रेकाने हवेत बोटाने नकाशा काढून दाखवला. हंगेरीयन माणूस कुठल्या देशात राहतो याला फारसा अर्थ नाही, म्हणाली, तो व्हिएन्नापासून किती लांब राहतो ते विचारा.

तिथल्या दफनभूमीत मार्गितने आईवडिलांच्या कबरीचा दगड ब्रशने घासून धुतला. घासता घासता बोलत होती आणि रेका मला सांगत होती. मार्गित तरुणपणी हे गाव सोडून सीमेच्या अलीकडे आली ती त्याच लोखंडाच्या कारखान्यापायी. तेव्हा इकडे काम होतं, घर मिळत होतं. म्हणजे तेव्हाचं ग्यॉर ते कारखान्याचं गाव होतं! एका हिवाळ्यात तिची आई गेली. त्या काळी सीमा ओलांडायला परवाना लागे. तो हातात पडेपर्यंत इथे माहेरी सगळं उरकलेलं होतं. ब्रश बादलीत बुडवून मार्गित म्हणाली, की त्यानंतर तिने ठरवलं, आता आपल्या माणसापासून लांब जायचं नाही. तिचा नवरा यानोश त्या कारखान्याच्या गावात पुरलेला आहे. विषय तिच्यापुरता तिथे संपलेला होता.

मला नागपूर आठवलं. वडील भोपाळला आले तेव्हा आजी तिथेच राहिली होती. 'जा, सरकार नेतंय तिथे जा,' एवढंच ती म्हणाली होती म्हणे. पुढे आम्ही क्वार्टरमध्ये पंख्याखाली बसायचो, सुटीत क्लबमध्ये सिनेमा बघायचो, आणि टाउनशिपच्या गेटबाहेर आसपासच्या खेड्यांतल्या बायका टोपल्या घेऊन उभ्या असायच्या. काहींची जमीन टाउनशिपमध्ये गेलेली. मी त्यांच्याशी भेंडीच्या भावावरून हुज्जत घालायचे. आपण तराजूच्या कुठल्या बाजूला आहोत हे त्या बाजूला असताना कळत नाही.

परत येताना मी एक तोडगा काढला. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी असतं, मी म्हटलं. मार्गितला कशाला उठवता? रेकालाच दोन महिने आधी इकडे पाठवू. लेक आईकडे, आई आपल्या घरी, सगळंच साधेल. मला माझ्याच अक्कलहुशारीचं कौतुक वाटलं. रेकाने हे आईला सांगितलं तेव्हा मार्गितचा चेहरा क्षणभर उजळला. मग तिने गाडीच्या काचेतून टेकडीवरची एक पिवळी इमारत दाखवली. रेका तिथे जन्मली होती. आता तिथला प्रसूतीचा विभाग बंद आहे. मुलंच होत नाहीत, तर डॉक्टर ठेवून काय करणार? बाईला कळा सुरू झाल्या की मोठ्या शहराकडे न्यावं लागतं आणि हिवाळ्यात रस्ता बर्फाने कधी अडेल सांगता येत नाही.

माहेर होतं, आईही होती, फक्त तिथे मूल जन्माला घालता येत नव्हतं.

एका दिवसाचं गाव

एक नोव्हेंबरला सकाळपासून गावात गाड्या यायला लागल्या. ग्यॉरच्या, बुडापेस्टच्या, ऑस्ट्रियाच्या, जर्मनीच्या नंबरांच्या. ज्या रस्त्यांवर कालपर्यंत चिटपाखरू नव्हतं तिथे गाडी लावायला जागा मिळेना. आणि प्रत्येक गाडीतून माणूस उतरत होता तो हातात शेवंती घेऊन.

मी रेकाला विचारलं. ती खाली बघत म्हणाली, की हा मृतांचा दिवस. इथे शेवंती फक्त कबरीवर वाहतात. जिवंत माणसाच्या घरी ती कुणी नेत नाही.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. अन्युला तर वाटलं, तुम्ही बाबांसाठी इतक्या लांबून फूल आणलंत."

म्हणजे सवाष्णीच्या ओटीतलं, लक्ष्मीच्या पूजेतलं फूल मी विहिणीच्या दारात नेऊन उभं केलं होतं आणि तिथे त्याचा अर्थ भलताच होता. आणि त्या बाईने त्यातून चांगलंच तेवढं उचललं होतं. आता मार्गितला खरं सांगण्यात काही शहाणपण नव्हतं.

संध्याकाळी आम्ही कुंडी घेऊन दफनभूमीत गेलो. टेकडीचा अख्खा उतार दिव्यांनी भरलेला. घरी त्याच वेळी टाउनशिपमध्ये पणत्या लागल्या असतील. पण दिवाळीत आवाज असतो, आणि इथे शेकडो माणसं असून पानांवरून चालल्याचा तेवढा आवाज. रेकाला तिच्या शाळेतल्या मुली भेटत होत्या. त्या एकमेकींना एकच विचारत होत्या, हल्ली कुठे असतेस? त्यांच्यातली एकही या गावात राहत नव्हती.

यानोशच्या दगडावर त्याचं नाव होतं, जन्माचं वर्ष आणि मरणाचं वर्ष. त्याखाली मार्गितचं नाव. जन्माचं वर्ष, एक छोटी आडवी रेघ आणि पुढे कोरी जागा.

चालत्या-बोलत्या बाईचं नाव दगडावर! बोलाफुलाला गाठ पडायला वेळ लागतो का? मी पुढे होऊन कुंडी नेमकी त्या नावावर ठेवली. झाकून टाकलं. मार्गित आधी गोंधळली, मग तिच्या लक्षात आलं आणि ती चक्क हसली. आल्यापासून पहिल्यांदा हसली. कुंडी उचलून तिने यानोशच्या बाजूला सरकवली आणि बसायच्या खुर्चीवरची धूळ झटकावी तशी आपल्या नावावरची पानं झटकली. इथे दोघांचीही नावं एकदमच कोरून घेतात, रेका म्हणाली. जागा राखलेली असते.

मंदारने सांगितलेलं काम करायचं तर आत्ताच, असं मला वाटलं. वाक्य मी गाडीतच जुळवून ठेवलं होतं. "मार्गित, हा दगड कुठे जात नाही. मूल मात्र फेब्रुवारीत येणार आहे."

रेकाने भाषांतर केलं. मार्गितने मेणबत्तीची वात सरळ केली आणि मलाच उलट विचारलं, की तुमच्या नवऱ्याला कुठे ठेवलंय? मी म्हटलं, कुठेच नाही. आमच्यात ठेवत नाहीत. होशंगाबादच्या घाटावर नर्मदेत सोडलं.

मार्गित काहीतरी बोलली. रेका मफलर नीट करत राहिली.

"काय म्हणाली?"

"ती म्हणते, मग तुम्हाला तर कुणीच धरून ठेवलेलं नाही. तुम्ही का येत नाही?"

मला राग आला. चोरी पकडली की येतो तसा राग. मंदारला दिलेली सगळी कारणं ओठांवर आली: गुडघा, पेन्शन, थंडी, मंडळाचा गणपती. त्या दिव्यांपुढे त्यातलं एकही बोलवेना. आणि मग मी जे कुणालाच सांगितलेलं नाही ते बोलून बसले. पिपलानीतलं आमचं जुनं क्वार्टर आता रिकामं आहे. ती सगळी ओळच रिकामी आहे, खिडक्यांच्या चौकटीसुद्धा कुणी काढून नेल्यात. मागच्या अंगणात ह्यांनी लावलेलं कढीपत्त्याचं झाड आहे. फिरायला जाते म्हणून मी रोज सकाळी तिथे जाते. एक डहाळी तोडते. नळ गळतोय, मंदारचा फोन आला होता, असं काहीबाही त्या झाडाला सांगते आणि घरी येते. ती ओळ कधीही पाडतील. तोवर मला कुठेही जायचं नाही.

रेका हळूहळू सांगत होती. मार्गितने माझं कोपर घट्ट धरलं. समजवायला आलेली मी तिच्या बाजूला जाऊन उभी राहिले होते. दोन विहिणींचं इतकं एकमत कुठे झालं नसेल.

रेका आमच्याकडे बघत होती. नाक पुसून ती आधी आईशी तिच्या भाषेत बोलली आणि मग माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही.

"तुमच्याकडे झाड आहे. तिच्याकडे दगड आहे. माझ्या बाळाकडे कोण आहे?"

एवढं बोलून ती नळावर पाणी आणायला गेली. पोट सावरत, त्या दिव्यांच्या मधून, एकटी. आम्ही दोघी शाळेत उभं केलेल्या पोरींसारख्या तिथेच उभ्या राहिलो.

सकाळी उठून पाहिलं तर गाड्या गेलेल्या. रस्ते पुन्हा मोकळे, नारिंगी बंड्यांची माणसं मेणाच्या रिकाम्या वाट्या गोळा करत होती. रेका झोपली होती. मार्गितने चहा ओतला आणि माझ्यासमोर बसली. तिने माझ्याकडे बोट केलं, मग खिडकीतून पश्चिमेकडे. नंतर स्वतःकडे केलं आणि पुन्हा पश्चिमेकडे. मग दोन बोटं एकमेकांना चिकटवून माझ्यापुढे धरली. रेका उठल्यावर तिने आईचं म्हणणं शब्दांत सांगून खात्री करून दिली: शोभा येणार असेल तर मी येते. थंडी संपेपर्यंत तरी. एकटीने नाही.

तोपर्यंत मी मान हलवून मोकळी झाले होते.

परत

परक्या घरात चहा पिताना हलवलेली मान आणि आपल्या घरी आल्यावरची मान यांत फरक असतो. भोपाळला आल्यावर पुन्हा सकाळी पिपलानीला जायला लागले. झाड होतं तसंच आहे. जानेवारीचं तिकीट मंदारने पाठवलं. मी डिंक, हळीव, बाळंतशोपा आणून ठेवल्या आणि बॅग मात्र माळ्यावरून काढली नाही. काढू उद्या, म्हणायचे. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. तिथे गेल्यावर ही ओळ पाडली तर ते मला कोण कळवणार?

परवा दुपारी व्हिडिओ कॉल आला. रेकाचा असेल म्हणून उचलला तर मार्गित. एकटीच, तिच्या स्वयंपाकघरात. भाषांतर करायला कुणी नाही. तिने फोन फिरवून दाखवला तर टेबलावर तिची बॅग भरून तयार, पट्टा आवळलेला. मग तिने भुवया उंचावून माझ्याकडे बोट केलं. तुझी?

खोटं बोलायलाही भाषा लागते. मी माळ्यावरून रिकामी बॅग काढली आणि पलंगावर उघडून तिला दाखवली. तिने खुर्ची ओढली, हाताची घडी घातली आणि बसून राहिली. बाई फोन ठेवेचना. शेवटी मी एकेक वस्तू उचलून तिला दाखवत बॅगेत टाकायला लागले. लोकरीचे मोजे, तिने मान हलवली. डिंकाची पिशवी, तिने डोळे बारीक केले. मी तोंडाकडे हात नेऊन खायचं आहे म्हणून सांगितलं. ह्यांच्या जुन्या धोतरांची शिवलेली दुपटी पाहून तिने आपल्या बॅगेतून एक विणलेलं टोपडं काढून कॅमेऱ्यासमोर धरलं. दोघी आपापल्या घरात, मध्ये एवढी मोठी पृथ्वी, आणि कुणी कुणाशी एक शब्द बोलत नव्हतं.

शेवटी भिंतीवरचा ह्यांचा फोटो मी खाली घेतला आणि तिला दाखवला. तिने तो नीट पाहिला. उठून गेली, यानोशचा फोटो घेऊन आली आणि मला दाखवत आपल्या बॅगेच्या कप्प्यात ठेवून तिने पट्टा परत आवळला. मी ह्यांचा फोटो बॅगेत कपड्यांवर ठेवायला गेले तर तिने बोट हलवून थांबवलं. काच आहे, स्वेटरमध्ये गुंडाळ, अशी खूण केली.

मी गुंडाळून ठेवला.